काटा खालीच होता

रविवार, संध्याकाळ

बाबांच्या जुन्या गाडीत इंजिनच्या तापमानाचा नवा सेन्सर आज सकाळी मीच बसवला. पाणी गळू नये म्हणून त्याच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली, चांगली भरपूर. मग आम्ही दोघं पालघरजवळच्या माहीमला आत्याकडे जाऊन आलो. जाताना तापमानाचा काटा खालीच. बाबा खूश.

परतताना पालघर सोडलं आणि मला करपट वास आला. तरीही काटा खालीच. मी गाडी थांबवायला लावली. बाबांनी बॉनेट उघडलं, फडकं घेतलं आणि रेडिएटरच्या झाकणावर हात ठेवला. मी ओरडले.

"अगं, काटा खाली हाय. थंड हाय इंजिन."

मी त्यांचा हात मागे ओढला, तेवढ्यात रबरी पाइप फुटला आणि वाफ उसळली. बाबांचं मनगट थोडं भाजलं, तेवढंच. पण झाकण निघालं असतं तर? सगळं तोंडावरच आलं असतं ना?

गाडी ओढत बोईसरला आणली. मेकॅनिकने सेन्सर काढून टेप दाखवली. टेपमुळे सेन्सर इंजिनच्या लोखंडाला टेकतच नव्हता, त्याचं विजेचं सर्किट पूर्ण होत नव्हतं, मग काटा हलणार कसा?

आत्ता त्यांना मलम लावताना, ती टेप मीच गुंडाळली होती हे बाबांना सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. ते मनगटाकडे बघत राहिले.

"वास मला माहीमपासनंच येत होता," म्हणाले. "पन काटा तू जोडला होता ना."