ठेवायचे ते अर्धे

मी, खाली सही करणारी, पावाच्या भट्टीवर आयुष्य काढलेली, लग्न न केलेली बाई, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. मी शुद्धीत आहे, शांत नाही. मृत्युपत्राला शुद्ध पुरते, शांतपणा लागत नाही, असे वकिलांनी सांगितले म्हणून लिहायला घेतले.

१. माझ्या मालकीच्या दोन खोल्या, आतल्या सामानासह, खालच्या मजल्यावरच्या लाँड्रीवालीला मिळाव्यात. धाकट्या भावाने मला घराबाहेर काढले त्या दिवशी चर्चच्या मंडळीने माझ्यासाठी प्रार्थना केली आणि लाँड्रीवालीने गादी दिली. ती कोणत्याच देवाला मानत नाही. जिना कोणी झाडायचा यावरून ती माझ्याशी अजून भांडते. "तुझ्या येशूला म्हणावं, एक दिवस तरी झाडू धर," हे तिचे ठरलेले वाक्य. तिच्यावर माझा राग नाही. या कागदात असे फार थोडे लोक आहेत.

२. बँकेतली शिल्लक समोरच्या शिंप्याकडे सोपवावी. तोच या मृत्युपत्राचा व्यवस्थापक. ख्रिस्ताला मानले म्हणून ज्याला घरच्यांनी बाहेर काढले, अशा माणसाच्या भाड्यासाठी त्याने ती वापरावी. त्या माणसाला कोणत्याही सभेत उभे करू नये. त्याच्याकडून विश्वासाची साक्ष मागू नये. आधी जेवू द्यावे.

३. भट्टीत पाव सारायचे लांब दांड्याचे फावडे आणि पत्र्याचे साचे, जिथे मी नंतर नोकरी केली त्या भट्टीच्या मालकाला. त्याने मला कामावर घेतले, पण मागच्या दाराने. गिऱ्हाइकांना चालणार नाही म्हणाला. माझा पाव मात्र पुढच्या काचेत मांडला जाई.

४. खमिराची बरणी. हे नीट लिहायला हवे.

हे खमीर वडिलांचे. ते विकत मिळत नाही. रोज त्यातले अर्धे काढून टाकायचे आणि उरलेल्याला पीठपाणी घालायचे. न काढले तर बरणी भरून वाहते, न घातले तर आतले मरते. वडिलांनी भट्टी धाकट्याच्या नावावर केली आणि बरणी माझ्या हातात दिली. "त्याला विसर पडतो," म्हणाले.

खमीर फुगेपर्यंत दुसरे काम नसते. पाव घ्यायला येणाऱ्या एका शिक्षिकेने दिलेले छोटे शुभवर्तमान मी त्या वेळात वाचत असे. आधी वेळ जात नाही म्हणून, मग त्यातल्या माणसासाठी, येशूसाठी. एके दिवशी तो माणूस पुस्तकात राहिला नाही. मी पीठ मळत होते आणि तो तिथे होता. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. ज्यांना येते त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

मी घरी लपवले नाही. धाकट्याने सगळ्यांसमोर सांगितले, "एक वाक्य म्हण. तो माझा कोणी नाही, एवढंच. म्हण आणि भट्टीवर ये."

"ओळखीच्या माणसाला ओळखत नाही कसं म्हणू?"

"ओळखीचा? मग राहतो कुठे तो? पत्ता दे त्याचा."

सगळे हसले. आई हसली नाही. खमिराची वेळ झाली होती आणि माझ्यामागे त्याला कोणी विचारणार नव्हते, म्हणून निघताना मी बरणी उचलली. धाकटा तिला चोरी म्हणतो.

पुढे आई गेली. मी दारात गेले. धाकटा उंबऱ्यावर हात आडवा धरून उभा होता. "तुझी कसली आई? जा त्याच्याकडे." मला तोंड पाहू दिले नाही. आतून लोकांचा आवाज येत होता, आणि मी रस्त्यावर उभी होते.

एव्हाना खमिराविना त्याचा पाव न फुगता बसू लागला होता. त्याने पिठाच्या व्यापाऱ्याला माझ्याकडे पाठवले. "ताई, वाटीभर द्या. तसंही रोज अर्धं फेकताच की."

"फेकते," मी म्हणाले, "मोरीत." आणि त्याच्यादेखत ओतले. तेव्हापासून रोज ओतते आहे.

माझ्यामागे उरलेलेही मोरीत ओतावे. धाकट्याला थेंबभरही देऊ नये.

५. अंत्यविधीविषयी. पाळकसाहेबांनी "तिने सर्व आनंदाने सोडले" असे म्हणू नये. दगडावरही कोरू नये. मी आनंदाने सोडले नाही. माझ्याकडून घेतले गेले, आणि ते परत मिळवण्यासाठीही मी येशूला सोडले नाही. खरे एवढेच आहे. दर वर्षी ते मला साक्ष द्यायला उभे करत आणि आधी कानात सांगत, "बाई, काय मिळालं ते सांगा. गेलेलं सांगितलं की लोकांना जड जातं. शेवट जरा आनंदी करा."

"शेवट अजून झाला नाही," मी म्हणत असे.

ते शिकवतात की ख्रिस्तापुढे बाकी सारे केर मानावे. माझी आई केर नव्हती. जी वस्तू केरच होती ती टाकायला किंमत कसली पडते? त्यांना ख्रिस्ताची ओळख वारशात मिळाली, घरासकट, आईसकट. मला विकत घ्यावी लागली असे म्हटले की ते म्हणतात, कृपा फुकट असते. असते. किंमत घरी घेऊन जाताना कळते.

६. चौथ्या कलमातली शेवटची दोन वाक्ये मी रद्द करत आहे. वकील म्हणाले, कागद नव्याने लिहा. नको. आधी काय लिहिले होते ते दिसू दे.

ती वाक्ये लिहून मी बरणीकडे गेले आणि येशूला सुनावले. धाकट्यावर नाही इतकी मी त्याच्यावर चिडले आहे. परक्या माणसावर कोणी असे चिडत नाही. मी दारात उभी होते तेव्हा तू कुठे होतास, असे विचारले. हे मी पुष्कळदा विचारले आहे. उत्तर आले नाही. पण तो उठून गेला नाही. बाकीचे सगळे गेले, हा कधी गेला नाही. इतके देऊन मला मिळाले ते हे. आज कोणी आईसकट सारे परत देतो म्हणाले, तरी हे मी देणार नाही. त्याचाही मला राग येतो.

मग नेहमीप्रमाणे अर्धे ओतायला मोरीपाशी गेले आणि हात पुढे जाईना. कोणी धरला नव्हता. पण इतकी वर्षे त्याच्याबरोबर एका घरात काढली की न बोलता मर्जी कळते. मी बराच वेळ वाटी धरून उभी राहिले. हात दुखू लागला. मोरीत काही गेले नाही.

तर, बरणी धाकट्याला द्यावी. फेकायचे ते अर्धे नव्हे, ठेवायचे ते. तो येईपर्यंत लाँड्रीवालीने खायला घालावे. पाणी कोमट हवे. झाकण घट्ट लावू नये, खमिराला श्वास घेऊ द्यावा. धाकट्याला विसर पडतो, म्हणून हे सगळे मोठ्या अक्षरात लिहून बरणीला बांधावे.

मी क्षमा केली, असा निरोप सोबत देऊ नये. अजून झालेली नाही. बरणी कोणी दिली असे त्याने विचारले, तर माझे नाव सांगू नये. बरणी देणे ही माझी इच्छा नाही. त्याने ज्याचा पत्ता मागितला होता त्याने पाठवली, असे सांगावे.

वरील सर्व मला वाचून दाखवले. माझेच आहे, सहावे कलम सोडून. तेही मी मान्य करते.

सही : थोरली

आमच्यादेखत तिने सही केली आणि तिच्यादेखत आम्ही केली. लाँड्रीवालीलाही सही करायची होती. जिला मिळते तिला साक्षीदार होता येत नाही, म्हणून ती दारात उभी राहून आमच्या अक्षराला नावे ठेवते आहे.

साक्षीदार : घरी इंजेक्शन द्यायला येणारी नर्स
साक्षीदार : कोपऱ्यावरचा औषधवाला

ठिकाण : लाँड्रीच्या वरची खोली, मोरीशेजारचे टेबल
तारीख : शिक्क्यावर आहे ती