बॅक आणि अप यांच्यामधली जागा

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.२०
रोजनिशी सुरू. कारण ऑफिसात माझं बोलणं समजेल असा एकही माणूस उरलेला नाही. घरी तर कधी नव्हताच.

संकल्प. चिडायचं नाही. बाटल्या धुण्याच्या यंत्राचं मॅन्युअल २८ तारखेला छापायला द्यायचं. तीनशे बारा पानं, चौदा महिने, एकट्याने. साहेबांनी तोंडी कबूल केलंय की मॅन्युअल छापायला गेलं की लेखन विभागाच्या प्रमुखपदाचं पत्र माझ्या हातात. सहा वर्षं 'प्रभारी' म्हणून काढली. आता बास.

सकाळी ११.००
चिडलो. शेजारच्या टेबलावरच्या दुर्बिणीमुळे. (चष्म्याच्या काचा एवढ्या जाड की दुसरं नाव सुचणं शक्य नाही.) हा माणूस क्रेट धुण्याच्या यंत्राची साठ पानी पुस्तिका लिहितो आणि वर शीळ घालतो.

शुक्रवार, ७ मार्च
कॉम्प्युटर रूमच्या बाईंकडून फॉर्म आला. दर शुक्रवारी येतो. आपण सही करायची, मशीन चालू ठेवून घरी जायचं, मग त्या आपल्या फाइलींची प्रत काढून ठेवतात. सही नसेल तर मशीनला हात लावत नाहीत. हा नियम माझ्यामुळे झाला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या कुणीतरी माझ्या एका फाइलचं नाव परस्पर बदललं होतं. मी तीन पानी तक्रार केली. तेव्हापासून शिस्त आहे.

तर फॉर्म नवीन छापलाय आणि वर ठळक अक्षरांत काय, तर 'प्लीज बॅकअप युअर फाइल्स'. सगळं एका दमात, चिकटवून! अहो, बॅक अप हे क्रियापद. दोन शब्द. मध्ये जागा. बॅकअप हे नाम. एक शब्द. आपण फाइल्स बॅक अप करतो, मग आपल्याकडे बॅकअप असतो. सातवीतल्या पोराला कळेल.

लाल पेनने दुरुस्ती केली, समासात कारण लिहिलं आणि सही न करता परत पाठवला. चुकीच्या कागदावर माझी सही जाणार नाही.

सोमवार, १० मार्च
बाईंचा फोन. गोड आवाजात म्हणाल्या की दुरुस्ती बरोबर आहे, पण हजार फॉर्म छापून झालेत, एवढा गठ्ठा संपेपर्यंत चालवून घ्या. शिवाय अर्थ तर कळतो ना, असंही म्हणाल्या.

अर्थ म्हशीच्या रेकण्याचाही कळतो, असं मी म्हणालो. त्यांनी फोन ठेवला. उद्धट बाई.

शुक्रवार, १४ मार्च
पुन्हा तोच फॉर्म. पुन्हा लाल पेन. पुन्हा परत.

दुर्बिणीने न वाचता सही ठोकली आणि मला फुकटचा सल्ला दिला की आधी सही करून टाका, भांडण नंतर करा, ते कुठे पळून जातंय. अशा लोकांमुळेच भाषेचं वाटोळं झालंय. वर पुन्हा शीळ.

रविवार, १६ मार्च
लेकीने पेन ड्राइव्ह आणून दिला. म्हणाली, पप्पा, तुमचं ते मॅन्युअल यात बॅकअप करून ठेवा, उगाच धोका नको. पोटच्या पोरीच्या तोंडी हे! तिथेच बसवलं आणि चाळीस मिनिटं समजावलं. सोपी उदाहरणं दिली. मशीन ब्रेक डाउन होतं, मग त्याला ब्रेकडाउन म्हणतात. हिलाही स्वयंपाकघरातून बोलावून वाक्यं करायला लावली. हिने एकच वाक्य केलं, ते मराठीत होतं आणि इथे लिहिण्यासारखं नाही. भाजी करपली. तिचा दोषही माझ्यावरच.

लेक शेवटी म्हणाली, पप्पा, मला काय म्हणायचं होतं ते तुम्हाला कळलं होतं ना? आणि कानात इअरफोन घातले.

मंगळवार, १८ मार्च
पेन ड्राइव्ह ऑफिसात नेला. आज मॅन्युअलची प्रत काढायचीच, असं ठरवून नेला. पण म्हटलं, आधी मुळावर घाव घालू. 'बॅक अप आणि बॅकअप यांचा योग्य वापर' या विषयावर दोन पानी टिपण लिहिलं. फारच उत्तम उतरलं. एक प्रत फळ्यावर लावली, फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन साहेबांच्या मशीनवर टाकून आलो. साहेब जागेवर नव्हते, त्यामुळे दाद मिळाली नाही.

मॅन्युअल उद्या.

बुधवार, १९ मार्च
फळ्यावरच्या टिपणात बॅक आणि अप यांच्यामध्ये मी जी जागा ठेवली होती, तिथे कुणीतरी एक छोटी मोटार काढून खाली 'पार्किंग' असं लिहिलंय. अक्षर दुर्बिणीचं नाही असं दुर्बीण म्हणतो. चोराच्या उलट्या बोंबा. दिवसभर हस्ताक्षरं ताडून पाहण्यात गेला.

माझं मशीन अधूनमधून कर्रर्र करतं. पंख्यात धूळ असेल.

शुक्रवार, २१ मार्च
तिसरा फॉर्म. या वेळी सोबत पिवळी चिठ्ठी. आमचा माणूस काल तुमच्या मशीनजवळून गेला, आवाज बरा नाही, कृपया या आठवड्यात तरी सही करा. म्हणजे आता पाळत! चिठ्ठीतही दोन चुका होत्या. त्या दुरुस्त करून चिठ्ठी आणि फॉर्म दोन्ही परत.

जिन्यात साहेब भेटले. मॅन्युअल सुरक्षित आहे ना, असं विचारलं. शंभर टक्के म्हणालो. ते हसले. पत्र तयार असणार.

सोमवार, २४ मार्च
चार पानं उरली. हिला निळा कोट इस्त्री करायला सांगितलं. कशासाठी विचारते! चौदा महिने काय कानात बोळे घालून बसली होती?

प्रमुख झाल्यावरचे पहिले हुकूम: फॉर्म बदलणे. दुर्बिणीचं टेबल जिन्याखाली. शीळ बंद.

बुधवार, २६ मार्च. सकाळी ९.४०
मशीन सुरू होत नाही.

९.५५
होत नाही. प्लग काढून लावला. दुर्बीण म्हणाला, हलक्या हाताने थोपटा. थोपटलं. कर्रर्र झालं, मग तेही बंद.

१०.३०
बाई स्वतः आल्या. स्क्रू काढले, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, वाट पाहिली. मग म्हणाल्या की डिस्क गेली. मी म्हणालो ते ठीक, पण फाइली? त्या म्हणाल्या, सर, फाइली त्यातच होत्या. मार्चपासून नव्या फॉर्मवर मशीनच्या सगळ्या कप्प्यांची प्रत निघते, पण तुमची सही नाही. फेब्रुवारीतली आहे (नवी काढली की जुनी पुसतो), तिच्यात फक्त मुखपृष्ठ आहे. मग आठवलं की बाकी सगळं मी डिसेंबरमध्ये मशीनच्या वेगळ्या कप्प्यात हलवलं होतं. त्यांच्या लोकांनी हात लावू नये म्हणून.

११.१५
पेन ड्राइव्ह! आनंदाने ओरडलो. दुर्बिणीच्या मशीनला लावला. उघडला.

एकच फाइल. दोन पानी.

दुर्बिणीने ती शेवटपर्यंत वाचली. या माणसाने आयुष्यात शेवटपर्यंत वाचलेली ही पहिली गोष्ट. चांगलं लिहिलंय हो, असं म्हणाला. टोमणा असता तर बरं वाटलं असतं. नव्हता.

दुपारी ४.००
साहेबांची केबिन. बाईंनी तिन्ही फॉर्म फाइलला लावून आणले होते, पिवळ्या चिठ्ठीसकट. साहेबांनी विचारलं, हे लाल अक्षर तुमचं का? हो म्हणालो. ते म्हणाले, दुरुस्ती अगदी बरोबर आहे.

कागदावर काही छापलेलं आहे का, असं त्यांनी विचारलं. सांगितलं की जुने मसुदे अशुद्ध होते म्हणून फाडून टाकले. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. निदान भांडता आलं असतं.

सोमवार, ३१ मार्च
पत्र निघालं. दुर्बीण प्रमुख. त्याची साठ पानं पाच ठिकाणी जपून ठेवलेली निघाली. त्यांत कुठे काय चुका आहेत ते मी सांगू शकतो, पण आता कोण विचारतंय.

मी मॅन्युअल पुन्हा लिहायचं. त्याच्या हाताखाली. तुमचं टेबल आहे तिथेच राहू दे म्हणाला. जिन्याखाली कोंदट होतं, माणसाचा जीव घुसमटतो, असंही म्हणाला. जिन्याखालचा माझा बेत मी कधी बोललो नव्हतो त्याच्याकडे, कुठून कळला कोण जाणे. शीळ मात्र घातली नाही आज दिवसभर.

घरी कोट तसाच हँगरला. हिने विचारलं नाही. लेकीने चहा आणून ठेवला आणि शेजारी बसून राहिली. सांगितलं होतं ना, असं तिने एकदा तरी म्हणायला हवं होतं. नाही म्हणाली. रडू आलं. इथे लिहितो, कारण हे कुणी वाचणार नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल
फॉर्म आला. नवीन छापलेला. 'प्लीज बॅक अप युअर फाइल्स'. बॅक, मग जागा, मग अप. हजारांचा जुना गठ्ठा रद्द करून बाईंनी मुद्दाम छापून घेतले, असं शिपाई म्हणाला.

खाली रकाना होता, फाइलींची संख्या. एक, असं लिहिलं. तिच्यात मुखपृष्ठ आहे आणि पहिल्या पानावर 'यंत्र चालू असताना आत हात घालू नये' एवढं एक वाक्य.

वाक्याच्या शेवटी पूर्णविराम राहिलाय. फॉर्मवरच्या, माझ्या नाही. लाल पेन खिशात होतं. निळं काढलं आणि सही केली.