होदानची सत्तावीस नावं

२८ सप्टेंबर १९९४

चार महिने वही उघडली नाही. माफ कर. कामं होती, पण खरं कारण आळस.

होदानवर संकट आलंय. ती सोमालियाची. नवरा इथे तंजावुरात शिकायला आला आणि मागे देशच कोसळला, शिष्यवृत्ती बंद. अशा अडकलेल्यांसाठी कॉलेजातले आम्ही तिघे धडपडतो. आता तिचे घरमालक सीतारामराव म्हणतात, महिन्याभरात घर सोडा. पत्ता नाही तर पोलिसांकडे राहण्याचा परवाना वाढत नाही. मग कडेवरच्या मुलीला घेऊन दोघांनी परत जायचं — त्या गोळीबारात?

१ ऑक्टोबर

राजवाड्यामागच्या गल्लीत पत्रकं घेऊन अकरा घरं फिरले. सगळीकडे कॉफी मिळाली. घर कुठेच नाही! "टीचर, तुम्ही केवढं पुण्याचं काम करता!" म्हणत कनकलतानं दार लावून घेतलं.

पत्रकात मी होदानला 'निराधार' लिहिलंय. तिला न विचारता.

५ ऑक्टोबर

घटस्थापना. घरोघरी गोलू, म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांवर बाहुल्या, मांडल्या. सुचलं — सीतारामरावांच्या आईकडे, हिराबाईंकडे (गल्लीची पाट्टी, म्हणजे आजी), होदानला घेऊन जावं.

८ ऑक्टोबर

होदानला घेऊन हिराबाईंकडे गेले.

गोलूला आलेल्या बाईनं गायचंच, ही इथली रीत. मी ती साफ विसरले! हिराबाई होदानला तमिळमधून म्हणाल्या, "एक पाट्टु म्हण गे." मी मध्ये पडले, "तिला आपली गाणी येत नाहीत..." होदाननं मला हातानं थांबवलं. ओढणी सारखी केली, डोळे मिटले.

नावं. स्वतःचं, बापाचं, त्याच्या बापाचं... एका लयीत, न अडखळता. कनकलताचा हात मांडीवर ताल धरू लागला. मी मोजत होते. सत्तावीस! समोर कागद नाही, पोथी नाही. बाहुल्यांच्या पायऱ्यांसमोर जणू माणसांची एक-एक पायरी चढत होती, वर, आणखी वर.

"कुठल्या देवाचं स्तोत्र हे?" हिराबाईंनी विचारलं.

"माझे वाडवडील, पाट्टी. लहानपणी आजीनं पाठ करून घेतले. घर जळलं. हे राहिले."

हिराबाई म्हणाल्या, "श्राद्धाला आमची तीन नावं, तर तिसऱ्याला माझा लेक भटजींच्या तोंडाकडे बघतो!" हसू फुटलं. त्यांनी तिची ओटी भरली. कुंकू नको म्हणाली, फुलं घेतली.

आणि मी 'निराधार' लिहिलं होतं!

निघताना हिराबाईंनी मला मराठीत धरलं. "लेक माझं ऐकायचा नाही. पण तू गल्लीभर फिरतीस. तुझी माडी रिकामीच ना गे?"

९ ऑक्टोबर

माडीवर बाबांची पुस्तकं आहेत, नळ गळतो, शेजारी काय म्हणतील — सकाळपासून हेच घोकतेय. अकरा घरांनी मला हेच सांगितलं होतं.

उद्या : होदानला माडी दाखवणे.