सव्विसाव्या जागेचे तिकीट

हे लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. डॉक्टरांनी वसंतातच सुचवले होते. आज करू, उद्या करू म्हणत पानगळ आली.

मी, मिझोगुची इसाकू, वय एकोणऐंशी, धंदा शिक्के कोरण्याचा, राहणार मात्सुमोतो, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे सगळे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शिक्षण सहावीपर्यंतच झाले, तरी शब्द चुकल्यास अर्थ बघावा. आज सकाळपासून हा तिसरा कागद. आधीच्या दोहोंवर तारीख घालायची राहिली, आणि तारखेवाचून मृत्युपत्र चालत नाही म्हणतात.

१. घर, दुकान व पोस्टातली शिल्लक माझी मुलगी फुमिए हिला. मागचे छप्पर गळते, बर्फ पडण्याआधी बघून घ्यावे. मांजर घराबरोबर आले असे समजावे.

२. कोरण्या व दगड तिने गावातल्या कोणाही कारागिराला द्यावेत. फक्त माझा मेहुणा सेइकिची याला एकही देऊ नये. माझ्या सर्वांत बारीक कोरणीने त्याने माशाचा डबा उघडला होता. तीस वर्षे झाली, पण तिला पूर्वीची धार काही आली नाही.

३. टपालाच्या तिकिटांची वही. आपल्या देशाची पहिली तिकिटे, दोन ड्रॅगनवाली. तांब्याच्या एका पत्र्यावर चाळीस, आणि प्रत्येक वेगळे हाताने कोरलेले. म्हणून एकाची मिशी आखूड, तर दुसऱ्याचे नख वाकडे. सुटे तिकीट मिळाले की भिंगाखाली धरून ते पत्र्यावर कोणत्या जागी होते ते ओळखायचे, आणि असा सगळा पत्रा वहीत पुन्हा उभा करायचा. अठ्ठेचाळीस मोन किमतीच्या तिकिटाचा पत्रा मी एकतीस वर्षे भरतो आहे. एकोणचाळीस जागा भरल्या. सव्विसावी रिकामी आहे.

४. आता जे माझे नाही त्याबद्दल. टेबलाच्या खणात एका पाकिटात एक तिकीट आहे. ते सोनोबे रेन्पेइ याचे. तो शाळेत गणित शिकवायचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान. दर महिन्याला नूडलच्या दुकानाच्या माडीवर आम्हा तिकीटवाल्यांची बैठक भरे, तिथे तो माझ्या शेजारी बसायचा. बावीस वर्षांपूर्वी एकदा येताच म्हणाला,

"इसाकू, हे घे. तीन नंबर. तुझ्यासाठी आणलंय."

मी भिंग लावले. "हे कुठलं तीन? तीन माझ्याकडे आहे. त्याची मिशी सरळ आहे, ह्याची वळलेली."

"तीनची वळलेलीच असते. भिंग पूस जरा."

"माझ्या अख्ख्या वहीत असला ड्रॅगन नाही. खोटं आहे हे. कुणी गळ्यात मारलं, का मास्तर घरीच छापायला लागलेत?"

सगळे हसले. सोनोबे हसला नाही. "कोरायला तुला येतं, मला नाही," एवढे बोलून तो उठला. तिकीट टेबलावरच राहिले. मास्तर खोटी तिकिटे खपवतात असे गावभर झाले, आणि पुढच्या वसंतात त्याने निईगाताला बदली मागून घेतली. गावात बोलणारे पुष्कळ होते, पण सुरुवात माझी.

गेल्या महिन्यात फुमिएने संग्रहालयातून एक पुस्तिका आणली. तीत अख्ख्या पत्र्याचे चित्र होते, जागांचे आकडे घालून.

"बाबा, ह्यात एक नंबरची जागा डावीकडे आहे."

"पुस्तक चुकलंय."

"छापलेलं पुस्तक चुकतं, आणि तुमची वही नाही?"

मी हे काम एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे शिकलो. तो आपण लिहितो तसे मोजायचा, उजव्या वरच्या कोपऱ्यातून खाली, मग डावीकडची पुढची उभी ओळ. सोनोबे शाळेतल्या गणितासारखे मोजणार, डावीकडून आडवे. आडव्या ओळीत आठ, उभ्या ओळीत पाच. बोटाने मोजून पाहिले. त्याचे तीन म्हणजे माझे सव्विसावे. वहीत तसला ड्रॅगन नव्हता, कारण तीच जागा रिकामी होती.

फुमिए म्हणाली, "दोघांतल्या एकानंही विचारलं नाही, कुठून मोजतोस म्हणून?"

नाही विचारले. मला वाटले, सगळे एकाच कोपऱ्यातून मोजतात.

५. म्हणून ते तिकीट सोनोबेचे त्याला परत, आणि अख्खी वहीही त्यालाच. तो नसल्यास त्याच्या मुलांना. ते तिकीट मी वहीत लावलेले नाही. चिमट्यात दोनदा धरले आणि दोनदा परत पाकिटात ठेवले, तो हक्क माझा नव्हता. वरचे चौथे कलम फुमिएने बैठकीत मोठ्याने वाचावे. त्या दिवशी हसलेल्यांपैकी तिघे अजून येतात.

साक्षीदार: कुरिबायाशी तोमेझो, शेजारच्या सार्वजनिक न्हाणीघराचे मालक, आणि ओगुची मासू, तोफू विकणाऱ्या बाई. कायद्याला साक्षीदार लागत नाहीत म्हणे, पण मला लागतात. दोघांनी सह्या केल्या. माझी सही व शिक्का खाली.

मिझोगुची इसाकू
मात्सुमोतो, शोवा शकाचे ५६ वे वर्ष, ऑक्टोबर १९

याची एक नक्कल निईगाताच्या जुन्या पत्त्यावर पाठवत आहे. सोनोबे, हे तुझ्या हाती पडले तर माझ्या मरणाची वाट बघू नकोस, आधीच ये. येववत नसेल तर निदान हयात आहेस एवढे कळव. पत्र नको, त्याला दिवस लागतात. कुरिबायाशींच्या न्हाणीघरात फोन आहे, ते मला हाक मारतील. लवकर कळव.