बांधावर लावलेलं तण

प्रिय आई,

उद्या तुला जाऊन वर्ष होतंय. आपल्या जैन बस्तीत, देवळात, अभिषेक ठेवलाय. सांगलीची, मिरजेची सगळी येणार आहेत आणि जो तो मला एकच विचारतोय, "अजूला कुठं टाकलंस?" टाकलंस म्हणे! त्यांच्याशी भांडत बसण्यापेक्षा म्हटलं तुलाच सगळं सांगावं. कारण तुझ्याही मनात तेच असणार, मला माहीत नाही का तू!

शेवटी शेवटी तू एकच घोकत होतीस, "अजूला घराबाहेर धाडू नगं. त्याला माझ्याबिगर कुणाचं कळत न्हाई." खरंच होतं ग. चाळिशीला आलेला माझा धाकटा भाऊ, पण त्याच्या शर्टाची गुंडी तू लावायचीस, घास तू भरवायचीस. त्याला कुणी येडं म्हटलं की म्हणणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायचीस.

पण एक विचारू? साधा पाण्याचा तांब्या तरी त्याला का उचलू दिला नाहीस? सांडलं असतं तर पुसलं असतं की!

तू गेलीस आणि तो तुझ्या खाटेला टेकून बसला. माझ्या हातचं खाईना. भाकरीचा तुकडा पुढं केला की तोंड फिरवायचा. लय वाळला ग, बघवत नव्हतं. तुझे जावई रोज संध्याकाळी त्याच्याजवळ जमिनीवर बसायचे, काही उपयोग नाही. शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, फलटणजवळ अजूसारख्या मोठ्या माणसांसाठी सेंद्रिय शेती चालवतात, राहायची सोय आहे. मातीत हात घातला की काही जण सावरतात, नेऊन तर बघा. थोडे दिवस ठेवायचं, नाही जमलं तर घरी परत.

नेताना तुझीच भीती वाटत होती. "शेतात किती जीव मरत्यात," हे तुझं ठरलेलं! पण तिथं औषध मारत नाहीत, आई. शेणखत, गोमूत्र, पालापाचोळा, एवढंच. गांडुळांना तर जावयासारखं जपतात. तू तिथं असतीस तर चपला बाहेर काढून आत गेली असतीस.

आणि आपल्या शहाण्यानं तिथं काय केलं माहितेय? त्याला मेथीच्या वाफ्यातलं तण काढायला बसवलं होतं. गडी मन लावून काढायचा. तिथलं सगळं बघणाऱ्या शैलाताई खूश. मग एक दिवस त्यांना पलीकडच्या बांधावर तणच तण दिसलं. ओळीनं लावलेलं! वर पाणीसुद्धा घातलेलं! तुझा लेक गवत मुळासकट अलगद काढायचा आणि बांधावर नेऊन पुन्हा लावायचा. विचारलं तर म्हणाला, "आई म्हनती, उपटू नये. त्यात जीव असतो."

ताईंनी मला बोलावून घेतलं. अख्ख्या एसटीत मी डोळे पुसत गेले. झालं म्हटलं! आता परत आणायचा, परत ती खाट, परत ते तोंड फिरवणं. आणि तुझा असा राग आला म्हणून सांगू! कंदमूळ खाऊ नको म्हणालीस ते ठीक, पण गवतालासुद्धा जीव लावायला शिकवायचं होतं का?

ताई मला बांधावर घेऊन गेल्या. मी मान खाली घालून उभी.

"आवं, रडताय कशाला?" त्या म्हणाल्या. "बघा तरी. हरळी सोडा, ती कुठंबी जगती. पर हे कुर्डू, ही घोळ, एक रोप मेलेलं न्हाई. ज्याच्या हातनं तण जगतंय, त्याच्या हातनं ढबू मिरची जगायची न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून अजू रोपं लावायला लागला. ढबू, टोमॅटो, कोबी, सगळी. हळदीला मात्र, कंद उपटावा लागतो म्हणून, अजून हात लावत नाही. काढणी चालू असली की लांब कट्ट्यावर पाठ करून बसतो. बसू दे! तिथं कुणी त्याला ओढत नाही.

जेवतो का म्हणून विचारशील. त्यानं लावलेल्या ढबूची पहिली भाजी झाली तेव्हा मी तिथंच होते. सवयीनं घास उचलला, तर पठ्ठ्यानं माझा हात बाजूला सारला आणि आपल्या हातानं खाल्लं. निम्मं शर्टावर सांडलं. मला इतका आनंद झाला की मी पुसायचं विसरले.

आई, एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. आजारपणात तू देवापुढं बसून काय पुटपुटायचीस ते मी ऐकलंय. "माझ्या आधी एक दिवस त्याला ने." आईनं असं मागायचं? मी तेव्हा आतल्या आत जळले होते. आता कळतं, तुला दुसरी वाटच दिसत नव्हती. पण बरं झालं ग, तुझं मागणं कुणी ऐकलं नाही!

एवढं लिहून उठले आणि त्याला फोन लावला. "अजू, उद्या आईचा दिवस हाय. तुला न्यायला येते." त्याच्या मागं कुणीतरी पंप बंद करा म्हणून ओरडत होतं. मग म्हणाला, "अक्का, उद्या न्हाई जमत. कोबी लावायचाय. परवा ये." आणि फोन ठेवूनसुद्धा दिला!

मी हसले, मग ढसाढसा रडले. उभा जन्म त्याच्याकडं वेळच वेळ होता, आई. आज पहिल्यांदाच त्याला सवड नाही!

परवा पहिल्या गाडीनं जाते. तुला शब्द देते, हातपाय चालतायत तोवर मी जात राहीन. आणि "अक्का, थांब, काम हाय," म्हणाला, तर बांधावर बसून त्याचं काम संपायची वाट बघेन.

तुझी,
सुरेखा