आखूड दोराची विहीर

१२ एप्रिल २००६, बुधवार

मोटर बसली! बटण दाबलं की पाणी. एवढ्या वर्षांत या विहिरीनं माझं ऐकलं ते आज.

इमरान म्हणे, "अम्मी, अब बैठके हुकूम चलाओ." मी म्हटलं, बेटा, हुकूम तर मी पहिलेपासून चालवते, फक्त हात मोकळे नव्हते.

तेल्हाऱ्याच्या या भागात कुठंही खोदा, खारंच लागते. जनावर तोंड फिरवते असं. आमच्या अंगणातल्या विहिरीचं तेवढं गोडं. म्हणून सारी गल्ली आमच्याकडं. केशरबाई शेजारीण पाण्याची पितळी गुंडी घेऊन आली, मोटरीकडं पाहून नाक मुरडलं — "जैनबबी, आता तं तुमी पाण्याच्या मालकीण झाल्या. आमी दोर कुठं धराव?" धरू नको म्हटलं, पाइपाखाली लाव गुंडी. गुंडी भरली, तोंड बंद झालं. एका बटणात दोन कामं.

१३ एप्रिल

सासूचा दोर काढला. कपडे वाळवायले बांधला अंगणात.

दोर कसला, हट्ट होता तो. एक टोक बादलीले, दुसरं खांबाले अशी गाठ मारून की बादली पाण्याले नुसती टेकायची. अर्धी भरायची, बुडायची नाही. एका खेपेचं काम दोन खेपांत. अन् उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की दोर पुरतच नसे! मंग विहीर बंद. चला नाल्यातल्या वाळूत खोदलेल्या झिऱ्यावर. इमरान पोटात होता तेव्हाही मी गेली आहे झिऱ्यावर. दोर वाढवा म्हटलं तर म्हातारी म्हणे, "मेरे मरने के बाद."

मेली. तरी नवऱ्यानं गाठ सोडू दिली नाही — माँ की बात है. तोही गेला. तवर मलेच सवय लागली होती. बैलाले जू नसलं तर तो उभाच राहते, तसं.

आज त्या दोरावर माझे परकर वाळत आहेत. बरं दिसते.

२ मे

लाइट असली की मोटर चालू. कूलरमध्ये आमचंच पाणी, म्हशीच्या हौदात आमचंच. पोरं पाइपानं एकमेकांले भिजवून राहिले. बाया हसतात. हसा. झिऱ्यावर कोणी हसत नव्हतं.

२० मे

चहा फाटला. दूधवाल्याले शिव्या दिल्या.

२१ मे

परत फाटला. परत दिल्या.

२३ मे

तुरीची डाळ सकाळपासून चुलीवर. दाणा चिमटीत धरला तर टणक, गोटीसारखा. सून तुबा म्हणे डाळ जुनी असेल. नवी आहे! मी स्वतः भरडली.

मंग पाणी जिभेवर घेतलं. खारं.

दूधवाला बिचारा फुकट गेला. त्याले काही सांगणार नाही. तो पाणी घालतेच, त्या शिव्या तिकडं वळत्या करून घेईल.

२४ मे

केशरबाई म्हणे, "नजर लागली विहिरीले." कोणाची वो? गावात नजर लावणारी तूच एक! रागावून गेली. संध्याकाळी परत आली, गुंडी घेऊन नाही, नुसतीच. बसली.

१ जून

इमराननं पाइप आणखी खाली सोडला. खाली गोडं असेल म्हणे. अजून खारं आलं. तोंडात धरवत नाही आता. मोटर बंद केली.

११ जून

तुबाच्या पाठीतून कळ निघाली. गुडघे पोटाशी घेऊन लोळली पोरगी. ओरडली नाही, तेच वाईट वाटलं. अकोल्याले नेलं. मुतखडा. डॉक्टर म्हणे, हे पाणी प्यायचं नाही. मंग काय प्यायचं ते नाही सांगतलं. टँकर येते तर येते, त्यातही अर्धा गाळ.

इमरान घरी आला. रजईचा कापूस पिंजत बसला. गिऱ्हाईक नसताना पिंजते तो, म्हणजे डोक्यात काही चालू आहे.

१४ जून

निघालं डोक्यातलं. अकोल्याले जायचं म्हणते. तिथं गाद्या-रजयांचं दुकान टाकू, नळाचं पाणी आहे. घर विकू. मोटर पाहिजे म्हणून मीच त्याच्या मागं लागली होती, खांदा दुखते खांदा दुखते करून. खांदा अजून दुखतेच.

२ जुलै

नात माहेनूर कॉलेजातून आली, बी.एस्सी. करते अकोल्याले. आल्या आल्या विहिरीत डोकं घालून बसली. मंग गच्चीवरून पाइप, खाली ड्रम, त्यात वाळू अन् कोळसा, तिथून पाइप विहिरीत. "दादी, छत का पानी अंदर जाएगा, कुआँ धीरे धीरे भरेगा." इमराननं पाइप जोडून दिले, पण तोंड अकोल्याकडंच होतं. मी म्हटलं, विहिरीले पाणी पाजायचे दिवस आले! करा.

२७ ऑगस्ट

पाऊस भरपूर झाला. विहीर चढली. नायलॉनचा नवा लांब दोर आणला, बादली सोडली. धपकन खोल गेली. ओढून वर काढली, चाखलं.

खारं. थोडं कमी, पण खारंच.

इमरान म्हणे, बस झालं अम्मी. ईद झाली की निघू. टेम्पोवाल्याले दिवस दिला.

तुबानं भांडी बांधायले घेतली. कढई मात्र बाहेरच ठेवली. मी पाह्यलं, तिनं पाह्यलं की मी पाह्यलं.

२५ सप्टेंबर

रोजे सुरू. तुबाले डॉक्टरनं मना केलं. केशरबाई म्हणे, "तुमी गेल्यावर मी कोणासंगं भांडू?" भिंत आहे म्हटलं. म्हणे, भिंत पलटून बोलत नाही.

१६ ऑक्टोबर

माहेनूर दिवाळीच्या सुट्टीत आली. तिले सांगतलं, तुह्या पाइपानं काही झालं नाही. तिनं विचारलं, पाणी काढलं कसं? सांगतलं. बादली खोल सोडली? हो. किती? अगं, दोर संपेपर्यंत! कपाळाले हात लावला तिनं.

मंग तिनं काय केलं ते लिहून ठेवते, कारण मले अजून खरं वाटत नाही.

काचेचा मोठा गिलास. अर्ध्यात मिठाचं पाणी, त्यात जर्द्याच्या गोड भातात घालतात तो केशरी रंग. वरून चमच्याच्या पाठीवर साधं पाणी सोडलं, हळू, थेंब थेंब. मिसळलं नाही! खाली केशरी, वर साफ. मधोमध रेघ, जशी कोणी पट्टी ठेवून ओढली. पाणी पाण्यावर तरंगून राहिलं! सत्तरीले आली मी, दूध-साय पाह्यली, तेल-पाणी पाह्यलं, पण पाण्यावर पाणी?

म्हणे, खारं जड, गोडं हलकं. या जमिनीत खाली सगळं खारंच आहे, आपल्या अंगणाखाली त्यावर गोड्याचा पातळ थर. मंग बिनसुईची इंजेक्शनची पिचकारी साफ पाण्यात धरली अन् खसकन ओढली. खालून केशरी टेकडीसारखं वर उठलं, सरळ पिचकारीच्या तोंडात. "ये तुम्हारी मोटर." मंग बोट घालून ढवळलं. सगळं एक. "और ये तुम्हारी बाल्टी." पावसाचं गोडं वर साचलंच होतं म्हणे, खोल बादलीनं ढवळलं.

खारं खाली बसते, गोडं वर. माणसांत उलटं आहे.

गिलास खिडकीत ठेवला आहे, दुसरा, न ढवळलेला. येता-जाता पाहते. अजून रेघ आहे.

१७ ऑक्टोबर

रेघ आहे. थोडी जाडी झाली. मी पण झाली.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. अर्धी बादली. बुडू न देणारी गाठ. उन्हाळ्यात दोर पुरत नाही म्हणून विहीर बंद. म्हातारीले हे माहीत होतं? का नुसता चिकटपणा होता? तिनं कधी गिलास भरला नाही, एवढं मले पक्कं ठाऊक आहे. तिले तिच्या सासूनं सांगतलं असेल, न विचारता. आता कोणाले विचारू? अन् माहीत असतं तरी ती मले सांगती थोडी! सांगतलं असतं तर मी ऐकलं असतं का, तेही आहे.

१९ ऑक्टोबर

परकर उतरवले. दोर उन्हानं कडक झाला होता, तेल लावून मऊ केला. गाठीची जागा खांबावर घासलेली आहे, बोटानं सापडते. तिथंच बांधला.

बादली सोडली. टेकली. तिरपी झाली. अर्धी भरली. शिव्या न देता ओढली, पहिल्यांदा.

आता चाखणार कोण? माझा रोजा, इमरानचा रोजा, माहेनूरचा रोजा. तुबाले मी चाखू देईना, कळ उठली तर? केशरबाई म्हणे, "द्या, मी पाहते." तिच्या जिभेवर माझा भरोसा नाही, ती आमाले ठेवून घ्यायले खोटंही बोलेल.

म्हटलं, डाळ खोटं बोलत नाही. उद्या टाकते. परवा टेम्पोवाला आगाऊ पैसे मागायले येते म्हणते.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

डाळ शिजली. चिमटीत धरली तर लोणी. इमराननंही धरून पाह्यली, मंग उठून टेम्पोवाल्याले फोन केला. तुबानं बांधलेली भांडी सोडली. पाणी भरायले विहिरीवर गेली, अर्धी बादली पाहून म्हणे, "अम्मी, रस्सी थोडी बढा दें क्या?"

मी म्हटलं, "मेरे मरने के बाद."