पुसलेलं वर्तुळ

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चि. ठकूस,

आजीचा आशीर्वाद. ओळखलंस ना? तुझ्या बापाची आई. विसराळू माणसाला आठवण करून दिलेली बरी. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, मी सांगते ते लिहिताना तुझी आई त्याहून जास्त.

तू तुझ्या कामाचे पाठवलेले दोन्ही कागद तिने समजावून सांगितले. कॉम्प्युटरला शब्दांत न विचारता चित्राने विचारायचं, हे मला फार आवडलं. डावीकडे काय शोधायचं ते चित्र, उजवीकडे त्याचं काय करायचं ते. निदान तुझं एक काम तरी अडाण्याला वाचता आलं!

तपासायला म्हणून घरचीच माणसं घातलीस. माणूस म्हणजे वर्तुळ, पत्र म्हणजे बाण. पहिल्या कागदावर मी होते. मग तू नियम लावलास : एकही बाण नसेल ते वर्तुळ पुसा. दुसऱ्या कागदावर मी नाही.

आणि विहीणबाई? सात बाण फुलवून मधोमध, साळिंदरासारख्या! तुझी आई म्हणते, "सासूबाई, माझ्या आईबद्दल हे मी लिहिणार नाही." लिही गं, मी सांगतेय.

मी जळत नाही. त्या स्वतःच्या हाताने लिहितात, अक्षर सुरेख, सगळं कबूल. मला शिकवायलाही बसल्या होत्या एकदा. मी म्हटलं, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. नव्हता. त्यांची पाठ वळली की सुई ओवत होते. त्यांच्यासमोर अ गिरवायचा म्हणजे... असो.

पण वर्षभरात माझी नऊ पत्रं आली तुला. नऊ, सातापेक्षा जास्त! सगळे बाण आईच्या वर्तुळातून काढलेस, कारण अक्षर तिचं. तुझी उत्तरंही तिच्याच नावाने, कारण वाचणार ती. मग मी कुठे होते गं?

तेव्हा नवा नियम कर. डावीकडे : आई, तिच्याकडून तुझ्याकडे बाण, 'लिहिते'. उजवीकडे : तेच, पण आईच्या मागे मी, माझ्याकडून तिच्याकडे बाण, 'सांगते'. जिथे सापडेल तिथे लाव. तिच्या स्वतःच्या पत्रांना मात्र नको, तेवढी चोर नाही मी.

हे ऐकून तुझ्या आईने पेन माझ्याच हातात दिलं. खालचं वाकडं वर्तुळ माझं. बाणही मीच काढलाय, सरळ तुझ्याकडे. आता पुसून दाखव.

तुझी
◯ ⟶

ता. क. खजूर पाठव, बिनबियांचा. पुड्यावर माझं नाव घाल, आईचं नको. विहीणबाईंनाही पाठव, पण अर्धाच.